दोघंही एमबीबीएस, मग कोरोनात सल्ला इतका वेगळा कसा?

अक्कलकोट_रोड
माझं इथं एमआयडीसीत टॉवेलचं छोटं काम आहे. दुसऱ्या लाटेत कामगार आजारी पडायला लागले तेव्हा एका डॉक्टरने अझिथ्रोमायसिन, आयव्हरमेक्टिन, झिंक आणि वर स्टेरॉईड असं पाकीट भरून दिलं, दुसऱ्याने नुसती पॅरासिटामॉल दिली आणि सांगितलं की ऑक्सिमीटर बघत राहा, ९४ च्या खाली गेलं की सरळ सिव्हिल गाठा. लोकांनी दुसऱ्याकडं जायचंच सोडलं, म्हणे ह्याला काय येत नाही. साथीला घाबरायचं की हलक्यात घ्यायचं हे आपण शेवटी गल्लीतल्या डॉक्टरकडं बघूनच ठरवतो ना, मग त्यांना कॉलेजात नेमकं शिकवतात काय? मुलगी नीट देणार आहे म्हणून पण विचारलालोय.

इंटर्न_सोलापूर
काका, आमचं सगळं शिक्षण बेडवरच्या एका पेशंटभोवती फिरतं. हिस्ट्री घ्या, तपासा, डायग्नोसिस सांगा, ट्रीटमेंट लिहा, आणि "सध्या काही देऊ नका, लक्ष ठेवा" हे उत्तर व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, द्यायला छाती लागते. साथीचं शास्त्र पीएसएममध्ये (रोगप्रतिबंध आणि समाजाच्या आरोग्याचा विषय) येतं आणि तो विषय बरीच पोरं परीक्षेपुरता घोकतात कारण डोक्यात पुढचं पीजी असतं. एमबीबीएसला पॅन्डेमिक मॅनेजमेंटचं वेगळं मॉड्यूल आलं तेच ऑगस्ट २०२० मध्ये, म्हणजे साथ डोक्यावर बसल्यावर.

पीएसएम_वाला
ह्यात एक गोष्ट घालतो. कोरोनाचे बहुतेक पेशंट औषध न घेताही बरे होणार होते, त्यामुळे ज्याने पाकीट दिलं त्याला आणि घेणाऱ्यालाही वाटलं की पाकिटाने गुण आला. हे ओळखायचं तर ज्यांनी काही घेतलं नाही त्यांचं काय झालं ते बघावं लागतं, आणि ते लोक दवाखान्यात येतच नाहीत. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलने दाखवलं की डेक्सामेथासोन ह्या स्टेरॉईडने ऑक्सिजनवरच्या आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू कमी होतात, पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नाही त्यांना फायदा दिसला नाही. तरी आपल्याकडं पहिल्या-दुसऱ्या दिवशी घरी स्टेरॉईड सुरू झाली, शुगर वाढल्या आणि २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) पेशंट आले ते सगळ्यांनी बघितलंय.
दुसरं हवेचं. आम्ही शिकलो की ५ मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब लगेच खाली पडतात, म्हणून सगळा जोर हात धुण्यावर आणि सॅनिटायझरवर गेला. लोक दुधाच्या पिशव्या धूत बसले आणि बारीक थेंब बंद खोलीत हवेत तरंगत राहतात, म्हणून लूमच्या खोलीच्या खिडक्या उघडा असं मात्र ठणकावून कुणी सांगितलं नाही. पुस्तकातलं घरोघर असं पोचतं.

पूर्वभाग_आशा
मी अशोक चौकाच्या बाजूला काम करते. "माझे कुटुंब माझी जबाबदारी" च्या वेळी घरोघर फिरताना बघितलंय, बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली, अंगात ताप, पण सांगणार नाही कारण नाव लागलं तर घरातल्या सगळ्यांना उचलून नेतील आणि विड्या कारखान्यात जमा करता येणार नाहीत. तिला प्रोटीनबिटीनचं लेक्चर देऊन काय उपयोग ओ? तिच्याशी तेलुगूत बोलायचं, आधी मजुरीचं विचारायचं, मग थर्मामीटर काढायचा. नवीन डॉक्टर पोरांना आता फॅमिली अडॉप्शनमध्ये काही घरं वाटून देतात आणि त्यांना पुन्हापुन्हा तिथं जावं लागतं, हे मला लै बरं वाटतं, फक्त सही घेऊन पळू नये एवढंच.

नवी_पेठ_मेडिकल
शिक्षणाचं मान्य, पण पैशाचं कुणीच बोलंना. फी देऊन नुसता सल्ला घेऊन कुणी घरी जात नाही, औषध नाही दिलं तर पेशंट पुढच्या दवाखान्यात जातो. माझ्या काउंटरवर लोक व्हॉट्सॲपवर आलेल्या चिठ्ठीचा फोटो दाखवून तेच पाकीट मागत होते.

पीएसएम_वाला
बरोबर आहे, पण तिथंच ट्रेनिंग कमी पडतं असं माझं ठाम मत आहे. औषध का देत नाही, कुठल्या लक्षणाला परत यायचं, रात्री कुणाला फोन करायचा हे नीट समजावून सांगितलं की बरेच पेशंट ऐकतात. हे बोलणं आम्हाला कुणी बसवून शिकवलं नाही, २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात एटकॉम म्हणून (वागणूक, नीतिमत्ता आणि पेशंटशी संवाद ह्याचे तास) आलंय. मुलीला जिथं ॲडमिशन मिळेल तिथल्या सिनियर पोरांना विचारा की एटकॉमचे तास खरंच होतात का नुसती हजेरी लागते.