विषय : सगळ्या घरात क्लोज्ड-सेल फोम मारावा का?

नमस्कार मंडळी,

घराच्या बाहेरच्या भिंती आतून उघडून इन्सुलेशन नवीन करायला घेतलं आहे. आमच्याकडे हिवाळ्यात पारा उणे 35 पर्यंत जातो. भिंत 2 बाय 6 च्या लाकडी खांबांची, मध्ये फायबरग्लास. बोर्ड काढल्यावर उत्तरेच्या कोपऱ्यात फायबरग्लासची गादी काळीकुट्ट निघाली आणि तिच्यामागच्या प्लायवूडवर बुरशीचे ठिपके. तळघरात छताच्या कडेने तर थंडीत चक्क बर्फाची पांढरी साय धरते.

दोन ठेकेदार बघून गेले. पहिला म्हणतो भिंती, छत, तळघर सगळीकडे क्लोज्ड-सेल स्प्रे फोम (फवारल्यावर फुगणारा, बंद बुडबुड्यांचा टणक फोम) ठासून भरा, पुन्हा आयुष्यात बघायला नको. दुसरा म्हणतो फोमच्या नादी लागू नका, घर आतून कुजेल. दोघंही छातीठोकपणे बोलतात आणि दोघांनाही काम हवंय! कुणी केलं असेल किंवा या धंद्यात असेल तर कृपया सांगा. भिंती उघड्या टाकून फार दिवस राहता येणार नाही.

———

विषय : उत्तर : सगळ्या घरात क्लोज्ड-सेल फोम मारावा का?

ताई, नमस्कार.

मी बरीच वर्षं घरांच्या ऊर्जा तपासणीचं काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती काळी गादी. तो काळेपणा बहुतेक वेळा बुरशीचा नसतो, धुळीचा असतो. फायबरग्लास हवा अडवत नाही, गाळतो. ज्या फटीतून घरातली हवा वर्षानुवर्षं बाहेर जाते तिथली धूळ त्यात अडकून बसते. म्हणजे तुमच्या भिंतीने गळती कुठे आहे ते स्वतःच दाखवून दिलंय. पुसण्याआधी फोटो काढून ठेवा. प्लायवूडवरचे ठिपके मात्र ओलाव्याचेच. घरात 21 अंश आणि 40 टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी व्हायला लागतं तो, जेमतेम 7 अंश. ती हवा फटीतून जाऊन गोठलेल्या प्लायवूडला लागली की तिथे पाणी सुटणारच. तळघरातली सायसुद्धा त्याच जातीची.

क्लोज्ड-सेल फोमचा खरा गुण इथे आहे. इंचाला आर-व्हॅल्यू (उष्णता अडवण्याची ताकद) 6 ते 7 मिळते, हे ठेकेदार पहिल्यांदा सांगतात. पण तो लाकडाला घट्ट चिकटतो, हवा पूर्ण बंद करतो आणि दोनेक इंचांना बाष्पही जवळजवळ रोखतो. एका थरात तीन कामं. ओपन-सेल, म्हणजे उघड्या बुडबुड्यांचा मऊ फोम हवा अडवतो, बाष्प अडवत नाही, आणि आर-व्हॅल्यूही इंचाला साधारण साडेतीनच. तुमच्या हवेत तो भिंतीत नुसता मारून चालणार नाही.

आता पहिल्या ठेकेदाराचं 'ठासून भरा'. साडेपाच इंचाची पोकळी (2 बाय 6 चा खांब प्रत्यक्षात तेवढाच खोल असतो) फोमने पूर्ण भरली तर कागदावर साधारण आर-36 होतं, फायबरग्लासचं आर-21. ऐकायला जबरदस्त. पण भिंतीचा चौथा हिस्सा लाकडी खांब, पट्ट्या, खिडक्यांच्या चौकटी यांनी व्यापलेला असतो आणि त्या लाकडाचा आर फक्त 7 च्या आसपास. हिशेब करून बघा : फायबरग्लासची अख्खी भिंत साधारण आर-14, फोमची आर-17.7. पोकळीत सोनं भरलंत तरी खांब लाकडाचाच राहतो. शेवटच्या दोन-तीन इंचांचे पैसे उष्णता अडवण्याच्या दृष्टीने जवळपास वाया.

म्हणून भिंतीत लोक फोमचा पातळ थर आणि वर फायबरग्लास असं करतात. पण 'एक इंच पुरे' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. फोमचा आतला पृष्ठभाग दवबिंदूच्या वर राहायला हवा, नाहीतर प्लायवूडवर सुटणारं पाणी फोमवर सुटेल, इतकाच फरक. आत 21, बाहेर उणे 15 धरा, कारण महिनाभराची सरासरी महत्त्वाची, दोन रात्रींची उणे 35 नव्हे. एक इंच फोम असेल तर तो पृष्ठभाग उणे 5 वर जातो. दोन इंचांना 3 अंश. तीन इंचांना साडेनऊ. म्हणजे 40 टक्के आर्द्रतेला तुम्हाला तीन इंच लागतील. घर कोरडं ठेवत असाल तर दोनात निभावेल, पण काठावर.

आणि फोमनंतर आतून पुन्हा पॉलिथीन ताणू नका. दोन बंद थरांच्या मध्ये काही भिजलं तर सुकायला वाटच उरत नाही. तुमच्या भागात नियमाने बाष्परोधक थर लागत असेल तर फोमची जाडी तो मानला जाईल इतकी ठेवा आणि तपासनिसाकडून आधीच होकार घ्या.

———

विषय : उत्तर : उत्तर : सगळ्या घरात क्लोज्ड-सेल फोम मारावा का?

काकांचा हिशेब वाचला, मस्तच. मी उलट्या टोकाकडून लिहिते. आमच्याकडे वर्षातले आठ महिने दमट उकाडा. बाहेर 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असली की दवबिंदू 26-27 ला असतो आणि आम्ही आत एसी लावून 24 वर बसलेले. म्हणजे बाष्प बाहेरून आत घुसतं आणि थंड बोर्डाच्या मागे पाणी धरतं. इथे आतून पॉलिथीन लावणं म्हणजे भिंत मुद्दाम कुजवणं. क्लोज्ड-सेलला मात्र दिशा नसते, बाष्प कुठूनही येवो, तो अडवतो. शिवाय एसीचे डक्ट ॲटिकमध्ये, म्हणजे छताखालच्या माळ्यात असतात आणि ॲटिक उन्हात भट्टीसारखं तापतं. छताच्या फळ्यांना खालून फोम मारला की डक्ट घराच्या आत आल्यासारखे होतात. वादळवाऱ्याच्या भागात आणखी एक फायदा : फोममुळे छताच्या फळ्या वाशांना चिकटून बसतात आणि वाऱ्याने उचकटायला जास्त जोर लागतो.

पण ताई, मारणारा माणूस बघून घ्या. हा पदार्थ कारखान्यात तयार होऊन येत नाही, तो तुमच्या भिंतीवर तयार होतो. आमच्या शेजारच्या घरात ठेकेदाराने चार इंच एका दमात मारले. फोम तयार होताना स्वतःच तापतो. म्हणून साधारण दीड-दोन इंचांचा एक थर, तो थंड झाला की पुढचा, असं करायचं असतं. घाई केली की आत उष्णता कोंडते. पुढे तो फोम खांबांपासून सुटला, बोट जाईल एवढी उभी फट पडली. मी स्वतः कापलेला तुकडा पाहिलाय : वरून छान क्रीम रंगाचा, मध्ये तपकिरी, जळकट, आणि नाकाजवळ नेला की कुजक्या मासळीसारखा वास. पुढच्या उन्हाळ्यात घर तापलं की तो वास पुन्हा यायचा. शेवटी खरवडून काढावा लागला, आणि तो किती घट्ट चिकटतो हे तेव्हा कळतं. लाकडाचे कपचे निघतात, फोम नाही!

छतावर मारणार असाल तर आधी छत गळत नाही याची खात्री करा. फोमवरून पाणी खाली टपकत नाही, फळीतच मुरत राहतं, आणि कळेपर्यंत फळी मऊ झालेली असते.

———

विषय : उत्तर : उत्तर : उत्तर : सगळ्या घरात क्लोज्ड-सेल फोम मारावा का?

दोघांचेही आभार. मासळीच्या वासाने घाबरले आहे. दोन प्रश्न. घरात लहान मुलं आहेत, एकाला दमा आहे, तर फोम मारताना काय? आणि आग लागली तर? पहिला ठेकेदार म्हणाला 'फायर रिटार्डंट असतं, काळजी नको.' हेही त्याने छातीठोकपणेच सांगितलं.

———

विषय : उत्तर : उत्तर : उत्तर : उत्तर : सगळ्या घरात क्लोज्ड-सेल फोम मारावा का?

ताई,

दमा असेल तर इथे तडजोड नाही. फोम दोन द्रवांचा बनतो. एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिऑल, उत्प्रेरक, फुगवणारा वायू, ज्वालारोधक. दोन्ही तापवून मोठ्या दाबाने बंदुकीच्या तोंडाशी समप्रमाणात मिसळतात. आयसोसायनेट हे कामाच्या जागी होणाऱ्या दम्याचं जगभरातलं एक प्रमुख कारण आहे. एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येऊ शकतो. म्हणून मारणारा माणूस बाहेरून हवा पुरवणारा मास्क घालतो. साध्या धुळीच्या मास्कवर कुणी काम करताना दिसला तर काम थांबवा. फोम मारताना आणि नंतर निदान 24 तास घरात कुणीच नको, पंखे लावून हवा बाहेर काढत राहायचं, आणि किती वेळाने परत यायचं ते फोम बनवणाऱ्या कंपनीच्या लेखी सूचनेप्रमाणे. तुमच्या मुलासाठी मी त्यावर आणखी काही दिवस धरीन आणि डॉक्टरांना आधी विचारीन. नीट मिसळून नीट जमलेला फोम नंतर शांत असतो. भानगड प्रमाण चुकलेल्या फोमची. गार पिंप, बंद पडलेला हीटर, ओलं लाकूड, यातल्या एकानेही काम बिघडतं. लाकडातला ओलावा 19 टक्क्यांच्या खाली हवा, मीटर लावून त्यांना तुमच्यासमोर मोजायला लावा. तुमचा तो उत्तरेचा कोपरा आधी कोरडा होऊ द्या.

आगीचं : ज्वालारोधक असलं तरी फोम जळतो आणि धूर घातक असतो. राहत्या भागात त्यावर अर्धा इंच जिप्सम बोर्ड लागतंच, बहुतेक ठिकाणी नियमच आहे. तळघरात 'दिसत नाही, राहू दे' म्हणून उघडा सोडू देऊ नका.

फुगवणारा वायू कुठला तेही विचारा. पूर्वी वापरात असलेला एचएफसी-245एफए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे हजारपट तापमानवाढ करणारा. आता एचएफओचे फोम मिळतात, त्यांचा परिणाम त्यापुढे नगण्य. आर-व्हॅल्यूत काही गमवावं लागत नाही, तेव्हा जुना माल घ्यायचं कारणच नाही.

एक राहिलं. घर एवढं बंद केल्यावर ताज्या हवेची यांत्रिक सोय लागते, तुमच्या थंडीत उष्णता परत मिळवणारं व्हेंटिलेटर. आणि घरातलीच हवा ओढून पेटणारा जुना गॅस हीटर असेल तर तो आधी तपासून घ्या. बंद घरात स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा लावला की धुराड्यातला धूर उलटा आत येऊ शकतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो.

———

विषय : उत्तर : उत्तर : उत्तर : उत्तर : उत्तर : सगळ्या घरात क्लोज्ड-सेल फोम मारावा का?

मंडळी, थोडा विरोधी सूर लावतो.

काकांनीच दाखवलं की खांब हेच भिंतीचं दुखणं. मग औषध पोकळीत कशाला ओतायचं? बाहेरची क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवरचं बाहेरचं आवरण, कधीतरी बदलायची असेल तर फोमचे तयार बोर्ड प्लायवूडच्या बाहेरून लावा. आर-13 चा सलग थर खांबांवरून गेला की काकांची आर-14 ची भिंत आर-27 होते. अलास्कात फेअरबँक्सच्या कोल्ड क्लायमेट हाउसिंग रिसर्च सेंटरने 'रिमोट वॉल' म्हणून ही पद्धत बरीच वापरून दाखवली आहे : साधारण दोन तृतीयांश इन्सुलेशन बाहेर, एक तृतीयांश आत. प्लायवूड उबदार बाजूला येतं, त्यामुळे ओलाव्याचा प्रश्नच मुळात कमी होतो. पोकळीत फोम नसला तर उद्या वायर ओढता येते, नळ दुरुस्त करता येतो. फोममध्ये पुरलेली वायर बदलून बघा एकदा.

स्प्रे फोमला माझा विरोध नाही, त्याची जागा ठरलेली आहे. तळघराच्या भिंतीवर जिथे मजल्याच्या तुळया येऊन टेकतात ती कडेची पट्टी, म्हणजे ताईंची बर्फाची साय धरणारी जागा, तिथे त्याला तोड नाही. प्रत्येक कप्प्यात बोर्ड कापून बसवणं जिकिरीचं असतं आणि फटी राहतातच. दुसरी जागा वायुवीजनाला वाव नसलेलं उतरतं छत. तिसरी, गोठलेल्या जमिनीवर खांबांवर उभ्या घरांचा तळ. बाकी ठिकाणी आधी दुसरा पर्याय बघावा.

ब्रिटनमध्ये बऱ्याच कर्ज देणाऱ्या संस्था छताला खालून फोम मारलेल्या घरांवर कर्ज द्यायला कां-कूं करतात, कारण फोममागचे वासे तपासताच येत नाहीत. घर विकायचा विचार असेल तर हेही डोक्यात असू द्या. मारलाच तर मारण्याआधीचे लाकडाचे फोटो, ओलाव्याचे आकडे आणि मालाची कागदपत्रं जपून ठेवा.

———

विषय : उत्तर : उत्तर : उत्तर : उत्तर : उत्तर : उत्तर : सगळ्या घरात क्लोज्ड-सेल फोम मारावा का?

दादा, बाहेरची क्लॅडिंग चांगली आहे, ती आत्ता काढणं परवडणार नाही. म्हणून असं ठरवतेय : तळघराच्या कडेला आणि उतरत्या छताला क्लोज्ड-सेल, उत्तरेच्या भिंतीत कोपरा सुकल्यावर तीन इंच फोम आणि वर फायबरग्लास. बाकीच्या भिंतींत फटी सीलंटने बंद करून फायबरग्लास आणि आतून बाष्परोधक थर. मुलांना घेऊन आठवडाभर बहिणीकडे जाणार.

पहिल्या ठेकेदाराला थर किती इंचांचे मारणार, ओलावा मोजणार का आणि एचएफओचा माल आहे का, एवढंच विचारलं. त्याने दुसऱ्या दिवशी कळवतो म्हटलं, नंतर फोनच उचलला नाही. दुसऱ्याला विचारलं तर तो म्हणाला मी फोम मारत नाही, पण मारणारा एक माणूस माहीत आहे, तो मीटर खिशात घेऊन फिरतो. तो परवा येतोय.

काका, बोर्ड लावण्याआधी ब्लोअर डोअर चाचणी (दारात मोठा पंखा बसवून घराची हवागळती मोजतात ती) करून घ्यावी का? म्हणजे गळती उरली असेल तर तेव्हाच सापडेल.

———

विषय : उत्तर : उत्तर : उत्तर : उत्तर : उत्तर : उत्तर : उत्तर : सगळ्या घरात क्लोज्ड-सेल फोम मारावा का?

होय ताई, आधीच. बोर्ड लागल्यावर गळती कळते, पण हात पोचत नाही. 50 पास्कल दाबाला ताशी किती वेळा घरातली हवा बदलते तो आकडा लिहून घ्या. अमेरिकेच्या ऊर्जा संहितेच्या 2021 च्या आवृत्तीत थंड भागातल्या नव्या घरांना 3 ची मर्यादा होती, जुन्या घराला त्याच्या जवळपास आलात तरी उत्तम. पंखा चालू असताना कडेच्या पट्टीवरून आणि खिडक्यांच्या चौकटीवरून ओला हात फिरवा, गार झुळूक लगेच लागते. फोम मारणाऱ्याला त्या दिवशी थांबवून घ्या, म्हणजे राहिलेल्या फटी तिथल्या तिथे बंद होतील. आणि काम त्याच्याकडे सोपवण्याआधी, पैशांचा शेवटचा हप्ता या चाचणीनंतर, असं करारात लिहून घ्या.