अर्ध्या इंची तांब्याच्या पाइपचा सांधा: रॉड वरच गोळा होते

भांडुपकर: स्प्लिट एसीची लाइन झाळायची आहे. एलपीजीचा हातटॉर्च आणि सांध्यात वितळवून भरायची फॉस्फरसवाली कॉपर रॉड. पाव इंचीचा सांधा जमतो, अर्ध्या इंचीत रॉड वरच गोळा होते. जमला तरी गळती तपासायला नायट्रोजन भरल्यावर साबणाच्या पाण्यात बुडबुडे. पितळी सर्व्हिस व्हॉल्व्हला हीच रॉड चालेल का?

टॉर्चवाला: पाव इंचीचा जमतो म्हणजे हात बरोबर आहे, उष्णता कमी पडतेय. ही रॉड ७१० अंशांना वितळायला लागते, पण नीट वाहते ८०० च्या आसपास. ज्योत रॉडवर धरली की ती थंड पाइपवर थिजते. आधी आतला पाइप तापवा, मग बाहेरचा, ज्योत सतत फिरती. तांबं मंद लाल झालं की रॉड ज्योतीच्या उलट बाजूने सांध्याच्या तोंडाला टेकवा. ती उष्णतेकडे आपणच ओढली जाते. पिवळट झळाळी आली तर हात मागे, १०८५ ला तांबंच वितळतं. बाल्कनीत खाडीचा वारा असेल तर आधी पत्र्याचा आडोसा करा. तरीही होत नसेल तर ऑक्सिजन-एलपीजी सेट घ्या, त्या टॉर्चशी भांडण्यात अर्थ नाही.

नागदेवी गल्ली: बुडबुड्यांचं कारण बहुधा वेगळं. लाइनचं दुसरं टोक बंद आहे का? आतली हवा तापून फुगते आणि वितळलेल्या रॉडमधून वाट काढते. सुईएवढं भोक तिथेच पडतं. टोक उघडं ठेवा, नायट्रोजन अगदी बारीक धारेने सोडा. नायट्रोजन नसेल तर आत काळी खपली धरते आणि पुढे कॅपिलरीत, म्हणजे एसीच्या केसासारख्या बारीक नळीत, अडकते. दोन पाइपांमधली फट ०.०५ ते ०.१५ मिमी हवी. स्वेज, म्हणजे दुसरा पाइप आत बसावा म्हणून रुंद केलेलं टोक, सैल असेल तर रॉड कितीही ओता, व्यर्थ. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत घासा, नंतर बोट लावू नका. गळक्या सांध्यावर थर चढवू नका. उघडा, साफ करा, नव्याने झाळा.

टॉर्चवाला: पितळेला चालेल, पण फ्लक्स (धातूवरचा ऑक्साइडचा थर काढणारी पेस्ट) लावूनच, फॉस्फरस फक्त तांब्याला तांबं जोडताना फ्लक्सचं काम करतो. व्हॉल्व्हवर ओलं फडकं गुंडाळा, नाहीतर आतलं सील जळतं. फ्लक्स गरम पाण्याने धुऊन काढा. त्याखाली भोक लपतं. कॉम्प्रेसरची नळी पोलादी असेल तर फॉस्फरसवाली रॉड अजिबात नको, सांधा ठिसूळ होऊन तडकतो. तिथे सिल्व्हर रॉड आणि फ्लक्स.

नागदेवी गल्ली: आणि लाइनमध्ये गॅस असताना टॉर्च पेटवू नका. एसीतल्या गॅसपैकी आर-३२ पेट घेतो, आर-२२ ज्योतीत विषारी होतो. आधी गॅस काढून घ्या, खिडक्या उघड्या ठेवा.