बोट दिलं की हात धरतात?

स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या मागणीबद्दल वर एका प्रतिसादात म्हटलंय की लंडनने एडिनबरोला (म्हणजे ब्रिटनने स्कॉटलंडला) वेगळी संसद दिली तिथेच चुकलं, बोट दिलं की लोक हात धरतात. मला हे अर्धंच पटतं. ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या जॉर्ज रॉबर्टसन यांचा १९९५ मधला हिशेब नेमका उलटा होता: अधिकार दिले की स्वातंत्र्याची मागणी कायमची संपेल. २०११ मध्ये स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीने त्याच संसदेत १२९ पैकी ६९ जागा जिंकल्या, तेही एका पक्षाला सहजी बहुमत मिळणार नाही अशा निवडणूक पद्धतीत. फसला हिशेब.

पण अधिकार न देऊन काय साधलं असतं? स्कॉटलंडला वेगळं विधिमंडळ द्यावं का, यावरचं १९७९ चं सार्वमत बघा. ५१.६ टक्के मतं होकाराची पडली, तरी एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा ही अट आडवी आली. म्हणजे घरी बसलेला माणूसही नकारातच जमा (आणि यादीत नाव उरलेला मयतसुद्धा!). १९९७ मध्ये पुन्हा सार्वमत झालं तेव्हा हाच होकार ७४ टक्क्यांवर गेला.

२०१४ ला स्वातंत्र्यावरच्या सार्वमतात ५५-४५ ने युनियन (ब्रिटनची एकी) वाचली. दोनच वर्षांत ब्रेक्झिटचं सार्वमत आलं. स्कॉटलंडचे ६२ टक्के युरोपात राहायच्या बाजूने, तरी बाहेर पडावं लागलं. माझ्या मते खरी मेख ही, संसद नव्हे. त्यात २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वेस्टमिन्स्टरच्या (ब्रिटिश संसदेच्या) संमतीशिवाय स्कॉटिश संसद स्वातंत्र्यावरच्या सार्वमताचा कायदा करू शकत नाही. युनियन स्वखुशीचं आहे म्हणणाऱ्यांनी बाहेर पडायचं दार कुठे आहे तेवढं दाखवावं.