२८ मिमी प्रशियन क्युरासियर: स्वार खोगिरावरून निखळतात, घोडे चॉकलेटचे वाटतात

रॉसबाख५७:
सप्तवार्षिक युद्धाच्या टेबलावरच्या युद्धखेळासाठी १२ प्रशियन क्युरासियर (छातीला चिलखत घालणारे घोडेस्वार) करतोय, व्हाइट मेटलच्या छोट्या मूर्ती. सुपरग्लूने बसवलेले स्वार दोन डावांत निखळतात. घोड्यांना तपकिरी रंग आणि वर वॉश (खळग्यांत उतरणारा पातळ गडद रंग) दिला, पण अंगावर उठाव नाही. काय चुकतंय?

रिकीब:
सुपरग्लू ठिसूळ असतो, धक्क्याने तुटतो. त्यात खोगिरावर साच्याची रेघ राहिली तर स्वार नुसता दोन टोकांवर टेकलेला असतो. आधी रेघ कानशीने घासा आणि कोरडा बसवून पाहा, फट दिसायला नको. मग स्वाराच्या बुडाला आणि खोगिराला १ मिमीचं भोक पाडून पेपरक्लिपचा तुकडा घाला आणि सावकाश घट्ट होणारं अराल्डाइट लावा. सांध्यावर रंग नको, नाहीतर गोंद रंगाला धरतो आणि रंगासकट सुटतो. स्वार आणि घोडा वेगळे रंगवणार असाल तर तेवढी जागा मास्किंग टेपने झाका.

कुमाईत:
घोड्यांना ऑइल कलर वापरा. अॅक्रिलिकचा नारिंगी-तपकिरी थर द्या, एक दिवस सुकू द्या. वर ट्यूबमधला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी ऑइल कलर) पातळसा फासा. १०-१५ मिनिटांनी मेकअपच्या स्पंजने स्नायूंच्या दिशेने पुसा: उंचवट्यावर खालचा रंग उघडतो, खळग्यांत गडद राहतो. टर्पेंटाइन जास्त झालं की सगळंच निघून येतं. कुमाईत (तपकिरी अंगाच्या) घोड्याची आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे करा. तांबूस घोड्याला मात्र काळी आयाळ कधीच नको. पाय पांढरा असेल तर खूर फिकट ठेवा.

रॉसबाख५७:
सुकायला किती दिवस?

कुमाईत:
अंबरला तीन-चार. काळ्या ऑइलला आठवडा तरी धरा. त्याआधी वर अॅक्रिलिक नको.

चिलखत:
क्युरासियरना गडद घोडेच शोभतात. चिलखत फक्त छातीला, तेही काळं. चकचकीत चांदी करू नका. पाठीवर नुसते पट्टे. कोट शुभ्र पांढरा केला की खडूसारखा दिसतो, म्हणून फिकट बदामीवरून मळकट पांढऱ्यावर या. फक्त २ नंबरची रेजिमेंट पिवळी. आणि हो, पावसाळ्यात स्प्रे वार्निश मारू नका. हवेतल्या ओलाव्याने पांढरट धुकं चढतं आणि काळ्या चिलखतावर ते सगळ्यात आधी दिसतं. ब्रशनेच लावा: आधी ग्लॉस, तो सुकला की मॅट. तलवारींना ग्लॉसचे दोन हात, तिथलाच रंग पहिला उडतो.