मेडिकलमध्ये दोन गोळ्यांच्या सूचना उलट लिहिल्या – सोलापुरात भरपाई कुठे आणि कशी मागायची?

जुळेसोलापूर_०७ (प्रश्न)

मावशीसाठी विचारतेय. वय ५४, घरी विड्या वळते. संधिवातासाठी डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट १० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, फक्त रविवारी, आणि फोलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम रविवार सोडून रोज, असं एका महिन्याचं लिहून दिलं होतं. मेडिकलमध्ये गोळ्या दोन कागदी पाकिटांत घालून वर पेनाने सूचना लिहिल्या, त्या उलट झाल्या. मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर 'रोज रात्री १' आणि फोलिकच्या पाकिटावर 'रविवारी १'. नऊ दिवस तसंच चाललं. तोंड आतून सोललं, पाणीसुद्धा गिळता येईना, वर ताप. ॲडमिट केलं तेव्हा पांढऱ्या पेशी ९०० आणि प्लेटलेट १८,०००. अकरा दिवस खासगी दवाखान्यात, त्यातले पाच आयसीयूत. खर्च १ लाख ७४ हजार, सगळा खिशातून.

मेडिकलवाले म्हणतात, "अक्षर वाचता येत नव्हतं, डॉक्टरांना विचारा." वीस हजार देतो, या कागदावर सही करा, असंही म्हणतायत. डॉक्टर म्हणतात, चिठ्ठी बरोबरच आहे. चिठ्ठी, दोन्ही पाकिटं आणि उरलेल्या गोळ्या घरात आहेत. तक्रार कुणाविरुद्ध करायची, कुठे, वकील लागतोच का आणि साधारण किती मिळू शकतं?

गोळी_चिठ्ठी_पाकीट

सही करू नका. मूळ चिठ्ठी आणि पाकिटं दुकानात "बघायला" म्हणूनही नेऊ नका. बघायचं असेल तर त्यांनी फोटो बघावा. पाकिटावरचं अक्षर हाच तुमचा मुख्य पुरावा आहे. त्यावर काही लिहू नका, टाचणी-स्टेपल मारू नका. पारदर्शक प्लास्टिक पिशवीत ठेवा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा. गोळ्यांच्या पट्टीवरचा बॅच नंबर फोटोत नीट वाचता आला पाहिजे.

आता बिल शोधा आणि त्यावरची गोळ्यांची संख्या बघा. लोक बिलावरची रक्कम बघतात, संख्या बघत नाहीत. आठवड्याला एक म्हणजे महिन्याला मेथोट्रेक्सेटच्या चार-पाच गोळ्या आणि फोलिकच्या पंचवीस-सव्वीस, असा हिशोब व्हायला हवा. बिलावर आकडे उलटे असतील, तर चूक पाकिटावर लिहिताना झालेली नाही. चिठ्ठी वाचतानाच झाली आहे, आणि ती दुकानाच्याच कागदावर नोंदली गेली आहे.

"अक्षर वाचता आलं नाही" ही सबब दुकानाच्याच अंगावर येते. वाचता येत नसेल तर डॉक्टरांना फोन करून खात्री करायची, अंदाजाने द्यायचं नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं आणि रोज घेतलं तर रक्तपेशी तयार होणं थांबतं, हे संधिवाताची चिठ्ठी हातात घेणाऱ्या प्रत्येक फार्मासिस्टला ठाऊक असायला हवं. ही अदलाबदल जगभर वारंवार होणारी चूक आहे, कारण दोन्ही औषधं एकाच चिठ्ठीत असतात आणि गोळ्या लहान, दिसायला सारख्या असतात.

आणखी एक. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं आणि बिलावर त्याची सही लागते. तुमच्या बिलावर आहे का? पैसे यूपीआयने दिले असतील तर त्या व्यवहाराची वेळ जपून ठेवा. त्या वेळी फार्मासिस्ट दुकानात हजर होता का, हे अन्न व औषध प्रशासनाला तपासता येतं. त्यांच्या सोलापूर कार्यालयात औषध विभागाचे सहायक आयुक्त असतात. त्यांच्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ते भरपाई देत नाहीत, पण परवान्यावर कारवाई करू शकतात आणि त्यांचा तपासणी अहवाल पुढे ग्राहक आयोगात फार उपयोगी पडतो.

ग्राहक_तक्रार_सोलापूर

जागा: सोलापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. दुकान पुण्यात असतं तरी तुम्हाला सोलापुरातच दाखल करता आली असती.

फीबाबत बहुतेकांचा गैरसमज असतो. आयोगाची मर्यादा आणि फी ठरते ती तुम्ही मोजलेल्या किमतीवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. औषधाचं बिल काही शे रुपयांचं आहे, तेव्हा भरपाई १० लाख मागितली तरी फी नाही. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची आहे, तिथेही अडचण नाही.

मुदत दोन वर्षं. ती ॲडमिट झाल्याच्या दिवसापासून मोजा, म्हणजे वाद उरत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण लागतं आणि "समेटाची बोलणी चालू होती" हे कारण बहुधा टिकत नाही. दुकानदार गोड बोलून महिनोन् महिने घालवतात ते यासाठीच.

वकील सक्तीचा नाही. मावशी स्वतः किंवा अधिकारपत्र देऊन तुम्हीही बाजू मांडू शकता. तरी अशा प्रकरणात समोरून उलटतपासणीचे प्रश्न येतात, म्हणून वकील असलेला बरा. न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मावशी पात्र आहेत.

दाखल करण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टने पाठवा. सक्तीची नाही, पण उत्तरात दुकान काय म्हणतं ते कागदावर येतं आणि नंतर त्यांना गोष्ट बदलता येत नाही. मग तक्रार, तारीखवार घटनाक्रम, कागदांची यादी, प्रती आणि प्रतिज्ञापत्र. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते. नोटीस लागू झाल्यावर समोरच्याला लेखी उत्तरासाठी ३० दिवस आणि जास्तीत जास्त १५ दिवस वाढीव मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ही ४५ दिवसांची मर्यादा बंधनकारक ठरवली आहे. तारखेवर लक्ष ठेवा, हा हक्क सोडू नका.

डॉक्टरांनाही पक्षकार करा, असं मी म्हणेन. नाही केलं तर दुकान प्रत्येक तारखेला गैरहजर डॉक्टरांकडे बोट दाखवेल.

रक्त_आणि_रिपोर्ट

वरच्या शेवटच्या मुद्द्याशी सहमत नाही. चिठ्ठीत 'आठवड्यातून एकदा' आणि 'रविवारी' हे दोन्ही स्वच्छ लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना ओढून आपलीच केस पातळ होते. मग त्यांचा वकील, त्यांची विमा कंपनी आणि 'रुग्णाला समजावलं होतं' या मुद्द्यावरची लांबण मागे लागते. उलट तेच डॉक्टर 'मी आठवड्याला एकच लिहिली होती' असं प्रतिज्ञापत्र देऊ शकतात, आणि ते तुमच्या बाजूचं सोनं आहे. चिठ्ठी खरोखर गिचमिड असेल तरच त्यांना जोडा. डॉक्टरांनी औषधाचं नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असं वैद्यकीय परिषदेच्या नियमांतच आहे.

माझ्या मते या केसमध्ये खरी लढाई चूक सिद्ध करण्याची नाही. 'त्या चुकीमुळेच इजा झाली' हे सिद्ध करण्याची आहे. समोरून विचारतील: मूत्रपिंड आधीच अशक्त होतं का? सोबत दुखण्याच्या गोळ्या किंवा सल्फाचं अँटिबायोटिक चालू होतं का? या सगळ्यांनी मेथोट्रेक्सेटचा विषार वाढतो. म्हणून औषध सुरू होण्याआधीचे रिपोर्ट शोधा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), लिव्हरचे. हे औषध सुरू करण्यापूर्वी ते करून घेतात. आधी पेशी आणि क्रिएटिनिन नॉर्मल आणि नऊ दिवसांनी पेशी ९००, ही जोडी बोलकी आहे.

रक्तातली मेथोट्रेक्सेटची पातळी कमी किंवा शून्य आली असेल तर घाबरू नका. औषध रक्तातून लवकर निघून जातं, पण पेशींच्या आत राहून काम करत राहतं. पातळी नाही म्हणजे विषबाधा नाही, असा युक्तिवाद हमखास होतो. त्याला उत्तर द्यायला तज्ज्ञाचं मत लागतं.

दवाखान्याकडे संपूर्ण इनडोअर केसपेपर लेखी मागा. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. औषधांचा तक्ता हवा, नर्सिंगच्या नोंदी हव्यात, रोजचे रिपोर्ट हवेत. मागणी केल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तक्त्यात ल्युकोव्होरिन दिल्याची नोंद आहे का ते बघा. ते मेथोट्रेक्सेटवरचं उतारा-औषध आहे. ते दिलं म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं निदान काय होतं ते आपोआप दिसतं. ॲडमिट होतानाच्या नोंदीत 'नऊ दिवस रोज १० मिलिग्रॅम' असा इतिहास लिहिलेला असला तर फारच उत्तम. दिवस चुकीचे लिहिले असतील तर आत्ताच त्या डॉक्टरांकडून लेखी खुलासा घ्या. जुनी नोंद खोडून मात्र घेऊ नका.

जुळेसोलापूर_०७

खूप आभार. बिल सापडलं. मेथोट्रेक्सेट ३०, फोलिक ४. फार्मासिस्टची सही नाही, नुसता दुकानाचा शिक्का. मेथोट्रेक्सेटच्या २१ गोळ्या उरल्यात. चिठ्ठीत 'आठवड्यातून एकदा रविवारी' मराठीत लिहिलंय, अगदी स्पष्ट. केसपेपरसाठी आज अर्ज दिला. वीस हजारांचं काय करू? पोलिसांत जावं का? आणि विड्यांची मजुरी भरपाईत धरता येते का?

गोळी_चिठ्ठी_पाकीट

३० मधून २१ गेल्या की ९ उरतात. मावशींनी पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच रोज एक घेतली, स्वतःच्या मनाने जास्त नाही, हे यातून दिसतं. त्या २१ गोळ्या आहेत तशा पट्टीत ठेवा, मोजताना बाहेर काढू नका. हा साधा हिशोब तक्रारीत स्वतंत्र परिच्छेदात लिहा. चिठ्ठी मराठीत स्पष्ट आहे, तेव्हा दुकानाची सबब इथेच संपली.

ग्राहक_तक्रार_सोलापूर

चिठ्ठी इतकी स्पष्ट असेल तर माझं आधीचं मत मागे घेतो. डॉक्टरांना जोडू नका, त्यांचं प्रतिज्ञापत्र घ्या. दुकानाचा मालक आणि त्या वेळचा फार्मासिस्ट, दोघांना पक्षकार करा. नोकराच्या चुकीला मालक जबाबदार असतो.

तज्ज्ञाचं मत प्रत्येक केसमध्ये सक्तीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात सांगितलं आहे. चूक उघड दिसत असेल तर वस्तुस्थितीच बोलते. पाकिटाची अदलाबदल त्यात बसते. मात्र इजेच्या कारणासाठी संधिवाततज्ज्ञ किंवा रक्तविकारतज्ज्ञाचं एक प्रतिज्ञापत्र जोडाच.

वीस हजारांच्या कागदावर बहुधा 'पूर्ण व अंतिम' असे शब्द असतील. त्या दोन शब्दांनी पुढचा सगळा हक्क जातो. देऊ केलेली रक्कम आणि तारीख नोटिशीत नमूद करा.

पोलिसांत तक्रार करायला कायद्याची आडकाठी नाही, पण 'पैसे द्या नाहीतर फौजदारी करतो' असं तोंडी किंवा मेसेजवर कधीही म्हणू नका. ते तुमच्यावरच खंडणीच्या आरोपासारखं उलटतं.

मजुरी धरता येते. कारखान्याचं मजुरीचं पुस्तक आणि भविष्यनिर्वाह निधीचा उतारा जोडा. आजारापूर्वीच्या सहा महिन्यांची सरासरी काढा आणि बंद पडलेले दिवस त्याने गुणा. पुस्तकावर नोंद नसलेली मजुरी मागितली तर नोंद असलेल्या रकमेवरही शंका घेतली जाते, म्हणून आकडा खराच ठेवा. त्यात दवाखान्याचा खर्च पावत्यांसह, प्रवास, सोबत राहिलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, पुढच्या तपासण्या, मानसिक त्रास, तक्रारीचा खर्च आणि व्याज घाला.

किती मिळेल याला ठरलेला दर नाही. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज प्रकरणात टायफॉइडचे उपचार चालू असलेल्या मुलाला नर्सने चुकीचं इंजेक्शन शिरेतून दिलं आणि मेंदूला कायमची इजा झाली. त्यात मुलाला १२.५ लाख आणि आईवडिलांना वेगळे ५ लाख मिळाले. २०१३ चा कुणाल साहा निकाल सहा कोटींच्या वर होता, पण तिथे पत्नीचा मृत्यू झाला होता. मावशी सावरल्या आहेत, त्यामुळे पावत्या आणि मजुरी हा पाया आणि त्रासाची रक्कम त्यावर, असाच विचार आयोग करेल. पावती नसलेला रुपया मिळेल असं गृहीत धरू नका.

रक्त_आणि_रिपोर्ट

एक भर घालतो. निकालाची वाट बघताना उपचार थांबू नयेत. संधिवाताचं पुढचं औषध कोणतं, हे मूळ डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या आणि सीबीसी, क्रिएटिनिन ते सांगतील त्या अंतराने करत राहा. प्रत्येक रिपोर्ट आणि पावती एकाच फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा. बोटांची पकड परत आली नाही आणि विड्या वळणं कायमचं कमी झालं, तर सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाची तपासणी करून घ्या. ते प्रमाणपत्र मिळालं तर भविष्यातल्या मजुरीचा दावा वेगळा उभा राहतो. फक्त पकड औषधाच्या चुकीमुळे गेली की मूळ संधिवातामुळे, हे डॉक्टरांकडून लेखी वेगळं करून घ्या. समोरचा वकील पहिल्यांदा तेच विचारणार.