'सराव-परिणाम' म्हणावं की 'पुनर्चाचणी-लाभ'?

प्रश्न: वार्धक्यातल्या स्मरणशक्तीवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात 'प्रॅक्टिस इफेक्ट' वारंवार येतो. तीच चाचणी पुन्हा दिली की गुण वाढतात, असा अर्थ. 'सराव-परिणाम' चालेल का?

प्रतिसाद: मला खटकतो. सराव माणूस ठरवून करतो. इथे आजोबांनी घरी काहीच घोकलेलं नसतं. मागच्या वर्षी पंधरा शब्दांची यादी ऐकून परत सांगितली होती, एवढंच. या खेपेला काय विचारणार ते ठाऊक असतं, धास्ती कमी असते, एखादा शब्दही मनात राहिलेला असतो. मी 'पुनर्चाचणी-लाभ' लिहीन.

प्रतिसाद: पण या लाभाने घसरण झाकली जाते, हे लेखात जरूर यावं. स्मृती दोन गुणांनी उतरली आणि ओळखीने दोन गुण चढले, तर कागदावर 'बदल नाही' एवढंच दिसतं.

मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी १९५६ साली सिअ‍ॅटलमध्ये सुरू केलेला अभ्यास पाहा. दर सात वर्षांनी त्याच माणसांची चाचणी. तिच्यात बहुतेक बौद्धिक क्षमता साठीपर्यंत टिकलेल्या दिसल्या. वेगवेगळ्या वयाची माणसं एकाच वेळी तपासली, तर उतार बराच आधी दिसतो. मानसशास्त्रज्ञ टिमोथी सॉल्टहाउस म्हणतात, या फरकात पुनर्चाचणीचा मोठा वाटा आहे. अर्थात, पिढ्यांच्या शिक्षणातलं अंतरही त्यात मिसळलेलं असतंच. शाय यांनी दर फेरीत नवी माणसंही घेतली, म्हणजे त्याच वयाच्या नवख्यांशी तुलना करता येते. तरी ती निर्भेळ नाही, कारण पुन्हा येणारे बहुधा धडधाकट असतात, खंगलेले गळतात. 'साठी बुद्धी नाठी' खरं की खोटं, हे ठरवणं म्हणूनच इतकं किचकट आहे.

प्रश्नकर्ती: चाचणीतले शब्द बदलले तर?

प्रतिसाद: स्मृती आणि विचारशक्ती थोडक्यात तपासणाऱ्या मॉन्ट्रियलच्या 'मोका' चाचणीची तशी पर्यायी रूपं आहेत. त्याने शब्द आठवण्याचा फायदा जातो, पण चाचणीच्या रीतीची ओळख राहतेच.

आणखी एक. काहींचे गुण दुसऱ्या खेपेलाही वाढत नाहीत, आणि ते न वाढणं ही स्मृतिदोषाची सुरुवातीची खूण असू शकते. तिथे 'सरावाचा अभाव' छापलं तर वाचक म्हणेल, आजींनी तयारी केली नव्हती. दोष नाहक त्यांच्या माथी! 'पुनर्चाचणी-लाभ दिसला नाही' लिहिलं की अर्थ नीट पोचतो.

प्रश्नकर्ती: पटलं. 'पुनर्चाचणी-लाभ'च घेते, पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात उलगडून.