आमच्या शहरात नवा सॉकर क्लब येतो आहे. हंगामाची तिकिटे आताच घ्यावीत का?

उत्तरध्रुव :

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका मध्यम शहरात राहतो. वस्ती तीन लाखांच्या आत आहे आणि कोणत्याही मोठ्या खेळाचा अव्वल श्रेणीतील संघ येथे नाही. आहे तो मायनर लीग म्हणजे दुय्यम पातळीच्या बेसबॉलचा एक संघ. मागील महिन्यात येथे नव्या व्यावसायिक सॉकर क्लबाची घोषणा झाली. पुढील हंगामापासून तो युएसएल लीग वन या तिसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत उतरेल, पहिली दोन वर्षे बेसबॉलच्याच मैदानावर खेळेल आणि त्यानंतर नदीकाठच्या पडीक जागेवर त्याचे स्वतःचे स्टेडियम उभे राहील, असे सांगण्यात आले. स्टेडियमचे चित्र अतिशय देखणे आहे; त्यात भोवतालची झाडेसुद्धा मोठी झालेली आहेत.

आता अनामत भरणाऱ्यांना ‘संस्थापक सदस्य’ म्हणून जागा निवडण्याचा पहिला मान मिळणार आहे. माझी दहा वर्षांची मुलगी खेळते आणि घरात चार तिकिटांचा आग्रह सुरू झाला आहे. जिंकूनही वर जाता येत नसेल तर तिसऱ्या श्रेणीला अर्थ काय, आणि हा क्लब पाच वर्षांनी जागेवर असेल की नाही याचा अंदाज सामान्य प्रेक्षकाने कशावरून बांधावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कोपऱ्याचा झेंडा :

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे निराशाजनक आहे. युरोपात श्रेणी म्हणजे शिडीची पायरी असते. अमेरिकेत ती बरीचशी मालकाच्या ऐपतीची पावती आहे. अमेरिकी सॉकर महासंघाच्या नियमांनुसार तिसऱ्या श्रेणीसाठी किमान १,००० आसनांचे मैदान आणि १ कोटी डॉलर संपत्तीचा मुख्य मालक लागतो. दुसऱ्या श्रेणीसाठी हेच आकडे ५,००० आसने आणि २ कोटी डॉलर असे होतात, तर पहिल्या श्रेणीसाठी १५,००० आसने आणि ४ कोटी डॉलर. केंटकीतील लेक्सिंग्टनचा क्लब २०२३ मध्ये लीग वनमध्ये आला आणि २०२५ मध्ये दुसऱ्या श्रेणीत खेळू लागला, पण तो लीग वन जिंकून वर गेला नव्हता. मार्च २०२५ मध्ये युएसएल म्हणजे ही लीग चालवणाऱ्या संस्थेच्या क्लबमालकांनी बढती आणि घसरणीची (जिंकणारे वरच्या श्रेणीत, हरणारे खालच्या श्रेणीत) पद्धत स्वीकारण्याच्या बाजूने कौल दिला, हे खरे आहे. तरीही तिकीट घेताना त्या आशेवर पैसे लावू नयेत, असे मला वाटते.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. बक्षिसे आणि गुणतक्ता यांवरून क्लबाचे आयुष्य मुळीच कळत नाही. नेवाडातील रेनो १८६८ या दुसऱ्या श्रेणीच्या क्लबाने २०२० च्या साखळी फेरीत संपूर्ण लीगमधील सर्वोत्तम कामगिरी केली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तो बंद झाला. निमित्त साथीचे होते, परंतु मैदान बेसबॉलचे होते, आणि तिकीटखिडकी बंद पडताच क्लबाला टेकायला दुसरा आधार उरला नव्हता. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो एफसी हा आणखी बोलका दाखला आहे. २०१८ आणि २०१९ हे दोनच हंगाम तो क्लब बेसबॉलच्या मैदानावर खेळला, स्वतःच्या स्टेडियमची योजना मार्गी लागली नाही, आणि त्याचा लीगमधील हक्क पुढे माँटेरे बे येथे गेला. हक्क शहराचा नसून मालकाचा असतो, हे अनामत भरताना ध्यानात असू द्यावे.

बेसबॉलच्या मैदानाची खरी अडचण तारखांची असते. मायनर लीगच्या संघाला त्याच्या पातळीनुसार हंगामात साधारण ६६ ते ७५ सामने घरच्या मैदानावर खेळायचे असतात आणि ते एप्रिल ते सप्टेंबर याच काळात येतात, म्हणजे नेमके सॉकरच्याही दिवसांत. तुमच्या क्लबाला घरचे साखळी सामने पंधराच्या आसपास मिळतील. त्यांतले शनिवार किती आणि बुधवार किती, हे दुसरा कोणी ठरवणार असेल तर तुमच्या मुलीला शाळेच्या आदल्या रात्री साडेनऊला घरी परतावे लागेल. शिवाय पिचरचा (चेंडू फेकणाऱ्याचा) उंचवटा काढणे, तांबड्या मातीवर हिरवळ अंथरणे आणि चार दिवसांनी सगळे पुन्हा पूर्ववत करणे, याचा खर्च कोणाच्या माथी पडतो तेही विचारावे. म्हणून माझा सल्ला असा की प्रशिक्षक कोण, बोधचिन्ह कसे, हे प्रश्न बाजूला ठेवून भाडेकराराची चौकशी करावी. मैदान शहराच्या मालकीचे असेल तर तो करार बहुधा सार्वजनिक कागदपत्रांत मोडतो आणि मागितल्यास पाहायला मिळतो.

पाणकोंबडा :

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र स्वतःचे स्टेडियम झाले की क्लब तरला, असा निष्कर्ष कोणी काढू नये. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर ऱ्हायनोज हा क्लब १९९९ मध्ये सर्व श्रेणींच्या क्लबांना खुला असलेला यूएस ओपन कप जिंकला. मेजर लीग सॉकर (एमएलएस) ही पहिल्या श्रेणीची लीग सुरू झाल्यानंतर तिच्याबाहेरच्या संघाने हा चषक जिंकण्याची ती एकमेव वेळ. त्या उत्साहात २००६ मध्ये १३ हजारांहून अधिक आसनांचे सॉकरसाठीचे वेगळे स्टेडियम उभे राहिले आणि दोनच वर्षांत, २००८ च्या सुरुवातीला, कर्ज थकल्यामुळे मूळ मालकांच्या हातून क्लब गेला. नव्या मालकांनी तो २०१७ पर्यंत चालवून खेळ थांबवला. २०२२ मध्ये क्लब दुसऱ्या नावाने परतला, त्या वर्षी एमएलएस नेक्स्ट प्रो या तिसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत खेळला आणि २०२३ च्या मार्चमध्ये कायमचा मिटला.

तेव्हा कराराइतकाच कर्जाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. नदीकाठचे ते स्टेडियम कोणाच्या पैशांनी बांधले जाणार आणि प्रेक्षक निम्मेच आले तर हप्ते कोण भरणार, हे विचारल्यावर समोरचा माणूस पुन्हा चित्र दाखवू लागला, तर काय समजायचे ते समजावे.

लिंबूटिंबू :

मी एका चौथ्या श्रेणीच्या हौशी क्लबात चार उन्हाळे स्वयंसेवक होतो, म्हणून खालच्या बाजूने दिसणारे थोडे सांगतो. आमचे बहुतेक खेळाडू महाविद्यालयीन असत. मानधन घेतले तर विद्यापीठाच्या संघातील त्यांची पात्रता धोक्यात येते, त्यामुळे ते बिनपगारी खेळत आणि उन्हाळाभर गावातील कुटुंबांकडे राहत. घरचे सामने सहा-सात, हंगाम मे ते जुलै, आणि सर्वांत मोठा खर्च बसच्या डिझेलचा. इतक्या कमी खर्चात क्लब तोटा सोसूनही टिकतो. लीग वनचे तसे नाही. तेथे खेळाडूंना पगार आहे आणि प्रवास विमानाचा आहे. २०२५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन आणि मेनमधील पोर्टलँड हे दोन क्लब याच लीगमध्ये होते, आणि त्या दोन शहरांत साडेतीन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर आहे. दूरचित्रवाणीचे उत्पन्न या पातळीवर नगण्य असल्यामुळे हा भार तिकिटे आणि स्थानिक प्रायोजक यांनाच उचलावा लागतो.

म्हणून जे क्लब खाली राहून आधी माणसे जमवतात आणि मग व्यावसायिक होतात, त्यांच्यावर माझा विश्वास अधिक आहे. टेनेसीतील चॅटनूगाची वस्ती सुमारे १ लाख ८० हजार. तेथील क्लब २००९ मध्ये हौशी म्हणून सुरू झाला आणि २०१५ मध्ये त्या हौशी लीगच्या अंतिम सामन्याला १८,२२७ प्रेक्षक आले. पुढे त्याच शहरात दुसऱ्या मालकाने लीग वनचा क्लब आणला, तेव्हा जुन्या क्लबाने २०१९ मध्ये चाहत्यांनाच भाग विकले, आणि तो आजही खेळतो आहे. डेट्रॉइट सिटी या क्लबाच्या चाहत्यांनी तर हॅमट्रॅमकमधील जुने कीवर्थ स्टेडियम दुरुस्त करण्यासाठी ७,४१,२५० डॉलर गुंतवले आणि २०१६ पासून क्लब तेथे खेळू लागला. नवे बांधण्याऐवजी जुने डागडुजी करून वापरणे छायाचित्रात शोभत नाही, पण परवडते.

तुमच्या क्लबाच्या घोषणेपूर्वी गावात कोणी संघटित चाहते होते का, की मालक आला आणि मागाहून चाहते शोधणे सुरू झाले?

मेघमल्हार :

येथे सगळेच वैद्य जमले आहेत असे वाटू लागले, म्हणून दुसरी बाजू मांडतो. नेब्रास्कातील ओमाहाचा क्लब २०२० पासून पॅपिलियनच्या बेसबॉल मैदानावर खेळू लागला, २०२१ आणि २०२४ मध्ये लीग वनचा विजेता ठरला आणि २०२२ च्या ओपन कपमध्ये शिकागो व मिनेसोटा या पहिल्या श्रेणीच्या दोन संघांना हरवून उपांत्यपूर्व फेरीत गेला. तेथे कॅन्सस सिटीने सहा गोल करून त्यांना घरी पाठवले, हेही सांगायला हवे. विस्कॉन्सिनमधील मॅडिसनच्या क्लबाने २०१९ मध्ये पदार्पण करताना बोधचिन्ह म्हणून फ्लेमिंगो निवडला, कारण १९७९ मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या टेकडीवर १,००८ प्लास्टिकचे फ्लेमिंगो रोवून ठेवले होते. बाहेरच्याला हा पक्षी कळत नाही आणि गावातल्याला समजावून सांगावा लागत नाही. त्यांचे मैदानही शहराच्या मध्यभागी, शहराच्याच मालकीचे आणि जवळपास शंभर वर्षांचे आहे. कोपऱ्याचा झेंडा यांनी बोधचिन्ह बाजूला ठेवायला सांगितले, ते मला पूर्णपणे मान्य नाही. क्लबाने गावाची किती माहिती करून घेतली आहे, हे त्यातूनच पहिल्यांदा दिसते.

उत्तरध्रुव :

सर्वांचे आभार. गुरुवारी क्लबाने ग्रंथालयात खुली सभा घेतली होती, तेथे मी आपले प्रश्न विचारले. तारखा ठरवताना पहिला अधिकार बेसबॉल संघाचा राहील, जूनमध्ये घरचा एकच शनिवार मिळेल आणि हिरवळीचा खर्च क्लब करील, असे उत्तर मिळाले. हे त्यांनी न लपवता सांगितले याचे मला कौतुक वाटले. कर्जाविषयी विचारले तेव्हा मात्र शहर परिषदेशी बोलणी चालू आहेत एवढेच सांगून पडद्यावर पुन्हा ते चित्र लावण्यात आले. लिंबूटिंबू यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की गावात चाहत्यांचा एक गट आधीपासून आहे, पस्तीस-चाळीस माणसांचा, आणि सभेत सर्वांत अवघड प्रश्न त्यांनीच विचारले.

मी चारऐवजी दोन तिकिटांची अनामत भरली आहे, तीही पहिल्या हंगामापुरतीच. नदीकाठी कुदळ पडली की उरलेल्या दोनांचा विचार करू, असे घरी ठरले आहे. मुलीने जागा गोलामागची निवडली; बेसबॉलच्या मैदानावर गोल नेमका कोणत्या टोकाला येणार, हे तिकीटखिडकीवरच्या माणसालाही अजून माहीत नव्हते.